टेस्टेड बाय साहिल

१४ सप्टेंबर २००८, रविवार
आजपासून डायरी. रोज लिहिणार. थोडक्यात लिहिणार. रडगाणं गाणार नाही.

सद्यस्थिती. कॉलेज सुटलं. गावात बोलतात की कॉलेजनं काढलं. साफ खोटं. सर भर वर्गात म्हणाले, साहिल, बसायचं नसेल तर दार उघडं आहे. मी उठलो आणि निघालो. दार खरंच उघडं होतं. आता परत जायचं तर सरांनी बोलवायला पाहिजे. अजून बोलावणं नाही. मला काही वाटत नाही.

आबा म्हणतात, सुमो दारात हुबी हाय, कंपनीतली पोरं न्यायला-आणायला डायवर मिळंना, बस की तू. मी म्हणालो, मी कम्प्युटर इंजिनिअर आहे. आबा म्हणाले, निम्मा.

वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत क्षितिजा. परभणीची. हिंजवडीत एका कंपनीत टेस्टिंगला आहे. जूनमध्ये आली. आजवरचं एकूण बोलणं: तिनं विचारलं, पाण्याची मोटर लावतोस का. मी म्हणालो, हो.

संकल्प: या महिन्यात दुसरं वाक्य.

१६ सप्टेंबर, मंगळवार
गच्चीवर टाकी बघायला गेलो. टाकी भरलेली होती. दोरीवर तिचा काळा टी-शर्ट वाळत होता. पुढे कंदिलाचं चित्र, मागे वेबसाइटचा पत्ता. पत्ता पाठ करून खाली आलो.

लँटर्न लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम आहे. विंडोजसारखी, पण फुकट. जगभरची माणसं नोकरी सांभाळून, पगार न घेता ती बनवतात. डिसेंबरात चौथी आवृत्ती येणार. त्याआधी कच्चा माल कुणीही घ्यावा, आपल्या मशीनवर चढवावा आणि काय बिघडतंय ते कळवावं. त्याला बीटा टेस्टिंग म्हणतात. कळवलेल्या बिघाडाला बग. भारतातून आलेले बग वाचून ज्याच्या-त्याच्या कामाला लावणाऱ्याचं नाव साइटवर आहे.

क्षितिजा.

मी नाव नोंदवलं. अनुभव या चौकटीत लिहिलं: एक्स्पर्ट.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
डाउनलोड झालं. सीडी बनवली. चालली नाही. दुसरी बनवली. तीही नाही. तिसरी चालली. घरच्या कम्प्युटरवर लँटर्न सुरू. विंडोज उडालं. पिंकीचे बारावीचे प्रश्नसंच त्यातच होते. ती रडली. मी म्हणालो, तंत्रज्ञानात थोडा त्याग असतो. तिनं पट्टी फेकून मारली.

आईला समजावून सांगितलं काय काम आहे ते. आई म्हणाली, म्हंजी लोकांच्या चुका काढायच्या, फुकाट? ते तर तू आदीपासनंच करतुयास.

बाद सीडी आबांनी उचलल्या. खालच्या तुकड्यात ज्वारी टाकायची आहे, तेव्हा पाखरांसाठी दोरीला बांधीन म्हणाले. वाऱ्यावर फिरली की लई चमकती.

२१ सप्टेंबर, रविवार
पहिला बग दिला: स्क्रीनवरचं चित्र फार काळोखं आहे.

उत्तर आलं! तिचं! जसंच्या तसं उतरवतो: थँक यू फॉर टेकिंग द टाइम टु रिपोर्ट धिस बग अँड हेल्पिंग टु मेक लँटर्न बेटर. वुई रिअली अप्रिशिएट युअर एफर्ट.

खाली नाव.

ती वर, मी खाली, मध्ये चार इंचांचा स्लॅब. आणि उत्तर अमेरिकेतल्या कुठल्यातरी सर्व्हरला वळसा घालून आलं. एवढ्या लांबून आलेल्या गोष्टीत काहीतरी असणारच.

२२ सप्टेंबर, सोमवार
दिवसभर विचार केला. टेकिंग द टाइम. माझ्या वेळेची किंमत कुणीतरी केली. आबांनी आजवर केली नाही. रिअली अप्रिशिएट. नुसतं अप्रिशिएट लिहून भागलं असतं. रिअली घालायची सक्ती नव्हती.

तिला कळलं असेल का मी कोण ते? नाव साहिल, गाव जांबे. वरच्या खोलीच्या भाडेकरारावर आमचंच आडनाव. कळलंच असेल. म्हणून रिअली.

संकल्प: रोज एक बग.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
रोज एक जमत नाही. रोज तीन होतात. आजचे: घड्याळाचा आकडा बारीक. माउसचा बाण उजवीकडे का झुकत नाही. बंद होताना सिस्टिम काही बोलत नाही, मनाला लागतं.

तिन्हींना तेच उत्तर, शब्द न बदलता. म्हणजे भावना कायम आहे.

मधेच एक ओलाफ घुसलाय. कुठल्यातरी थंड देशातला. कोड लिहिणाऱ्यांत वरचा माणूस. माझे बग बंद करत सुटलाय. तिसऱ्या बगखाली एवढंच लिहिलं: नॉट अ बग. थँक यू नाही, काही नाही. माणसाला वळण नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
ओलाफनं आज सकाळपासून माझे सगळे बग ओळीनं बंद केले. डोकं फिरलं. लिहिलं: मर्द असशील तर जांब्यात ये, मुळशी तालुका, जिल्हा पुणे, कुणालाही विचार, घर दाखवतील.

जगभर दिसलं असणार. बरं झालं.

संध्याकाळी. ती स्वतः खाली आली! म्हणाली, अरे साहिल, ओलाफला काय लिहू लागलास? तो खरंच विचारतोय की जांब्यात काही कॉन्फरन्स आहे का. तू चांगला मुलगा आहेस, असं कोणी लिहितं का?

चांगला मुलगा. तोंडानं. समोरासमोर.

आईनं तिला चहा दिला. ती आईला काकू म्हणते. मी पूर्ण वेळ दारामागे उभा होतो. आतून काही घ्यायचं होतं. काय ते आठवलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार
लाइट नाही. गुरुवार म्हणजे महावितरणचा. सकाळी जाते ती जाते.

मशीनवर नवं बीटा चढवत होतो, निम्म्यात गेली. आल्यावर बघितलं तर मशीन उठेना. काळा स्क्रीन आणि कोपऱ्यात एक रेघ मिचमिचतेय. सीडी घालून पहिल्यापासून चढवलं तेव्हा उठलं.

बग द्यायचा विचार आला. दिला नाही. यात लँटर्नची काय चूक? लाइट आमच्याकडची. आपल्या तालुक्यात वीज टिकत नाही हे ओलाफला आपण होऊन सांगायचं? गावाला काही अब्रू आहे.

त्याऐवजी दिला: कॅलेंडरमध्ये घटस्थापना नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज
संकट.

खोलीतली तिची पार्टनर जुईली गावी गेली, ती दिवाळीला परभणीला गेली नाही. रजा मागायची ही वेळ नाही म्हणाली. कंपनीत काहीतरी चाललंय. मी फार खोलात गेलो नाही. माझ्यामुळे थांबली हे उघड आहे.

आई तिला सकाळी म्हणाली, एकलीच काय बसतीस वर, खाली ये, पिंकीबरूबर तू बी ववाळ साहिलला, भाव न्हाई तर न्हाई, समजायचं.

मी न्हाणीतनं ऐकलं. मागच्या दारानं निघालो, थेट खालच्या तुकड्यात. ज्वारी वीतभर आली आहे. पाखरं अजून नाहीत, पण आबांनी एक दोरी आधीच बांधून ठेवली आहे, माझ्या चार बीटा सीडींसकट. दुपारपर्यंत त्यांच्याजवळ बसलो. आंघोळीचा साबण कानात राहिला होता.

परत आलो तर पिंकी म्हणाली, ताट केव्हाच उचललं, ताई म्हणाली तुझा भाऊ काम करत असेल, नको त्रास द्यायला. पुढं म्हणाली, पळपुट्या.

थोडक्यात वाचलो. दिवाळी चांगली गेली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
चमत्कार. ती गेले तीन-चार दिवस घरीच आहे. कंपनीची बस येते, जाते, ती चढत नाही. गॅलरीत उभी असते. माझ्या बगना आता दहा मिनिटांत उत्तर येतं. पूर्वी दोन दिवस लागायचे.

मी हिशोब लावला. रजा काढली आहे. कशासाठी ते लिहायची गरज नाही.

आई म्हणाली, त्या पोरीचं त्वांड बगितलंस का, कसं उतारलंय. मी मनात म्हणालो, आई, या वयात असंच उतरतं. माझंही उतरलंय. माझ्याकडे कुणी बघत नाही, एवढंच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
अजून मोठा चमत्कार. तिनं विचारलं, साहिल, माझ्याकडे आता लॅपटॉप नाही, तुझ्या मशीनवर दुपारची दोन तास बसू का, लँटर्नचं काम अडलंय.

लॅपटॉप नाही म्हणे. जून महिन्यापासून रोज खांद्याला असायचा. बहाणा किती साधा! पण गोड.

मशीन सोप्यात आहे. ती खुर्चीवर बसते, मी पायरीवर. ती बोलत नाही. मीही नाही. एक माशी होती. दोन तास असेच गेले. आयुष्यातले चांगले दोन तास म्हणून नोंद करून ठेवतो. खरं म्हणजे तेव्हा तसं काही वाटलं नाही. आता लिहिताना वाटतंय.

२ डिसेंबर, मंगळवार
आईनं भाकरी थापता थापता सांगितलं, तिला कामावरनं काढलंय. म्हैना व्हत आला. मंदी हाय म्हनं. लापटाप बी काडून घेतला कंपनीनं. तुला ठाव न्हाई? रोज म्होरं बसतुयास की.

रक्त उसळलं. बुलेट काढली. बुलेट आबांची, सुरू होईना. पिंकीची स्कूटी घेतली. कंपनीच्या गेटवर गेलो. ठरवलं होतं: मॅनेजरला बाहेर बोलवायचं, कॉलर धरायची, पुढचं तिथं सुचेल.

गेटवर वॉचमन निघाला आमच्याच आळीतला भैरू. म्हणाला, आरं साहिल, तू? गुलाबी गाडीवर? मी म्हणालो, मॅनेजरला बोलव. तो म्हणाला, कुंच्या? चार व्हते, तिगांस्नी काडलं. ऱ्हायलेला आतल्या आत रडतुय. बस, च्या घे.

चहा घेतला. तिखट आल्याचा होता. भैरूनं विचारलं, तू काय करतुयास सध्या. मी म्हणालो, टेस्टर आहे. तो म्हणाला, जपून. पयलं टेस्टरच काडत्यात.

येताना सावकाश आलो. राग कुठंतरी उतरून गेला, माणच्या फाट्यापाशी असेल. शोधला नाही.

८ डिसेंबर, सोमवार
आईकडून मिळालेली माहिती. मला थेट कोणी काही सांगत नाही, पण माझ्या घरात काय चाललंय ते मला आईकडून वेळेवर कळतं.

मुंबईला एक साहेब आहे. लँटर्नच्या लोकांतलाच, पण त्याची स्वतःची कंपनी आहे. क्षितिजाचं काम त्यानं साइटवर बघितलंय. म्हणाला, चौथी आवृत्ती नीट बाहेर पडू दे, तुझा भाग स्वच्छ निघाला की जानेवारीत ये, जागा आहे. आई म्हणाली, पोरीनं देवाला बोलून ठिवलंय. ह्ये जमलं तर जमलं, न्हाईतर बापाला म्हनायचं आले परत. तिकडं स्थळं बगून ठिवल्यात त्यांनी.

म्हणजे आता सगळं लँटर्नवर. तिची नोकरी, तिचं इथं असणं, स्थळं. आणि लँटर्न कुणावर? टेस्टरवर.

मुंबई लांब आहे, पण लग्नानंतर ठाण्यात राहता येईल.

संकल्प: फालतू बग बंद. इथून पुढे फक्त मदत.

१७ डिसेंबर, बुधवार
तिनं काम दिलं. मला. नाव घेऊन.

शब्दशः आठवतंय तसं लिहितो. म्हणाली, साहिल, एक टेस्ट माझ्या नावावर आहे, ती मला करता येईना. जुन्या लँटर्नवर नवं चढवताना मधेच लाइट गेली तर काय होतं ते बघायचंय. तिकडच्या लोकांकडे लाइट जातच नाही, प्लग काढून बघतो म्हणाले आणि विसरले. तुझ्याकडे जुनं मशीन, यूपीएस नाही, आणि उद्या गुरुवार. असा टेस्टर जगात मिळायचा नाही. सकाळी लावून ठेव. लाइट गेली की जाऊ दे. आली की मशीन आपसूक उठतंय का बघ. उठलं तर पास, नाही उठलं तर फेल. मी उद्या मुंबईला चाललेय, त्या साहेबांना भेटायला. तू साइटवर निकाल टाक.

आणि दारातून वळून म्हणाली, फेल आलं तरी टाक बरं का, उलट बरंच होईल, आठ दिवस आहेत, ओलाफ दुरुस्त करील.

मुली चालेल म्हणतात तेव्हा त्यांना चालत नसतं. हे मला पिंकीवरून माहीत आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार
सकाळी आंघोळ करून मशीनला बसलो. चढवायला घेतलं. निम्म्यात लाइट गेली. वेळेवर. महावितरणचे आभार.

दुपारी काही नाही. आबांबरोबर खालच्या तुकड्यात. ज्वारी निसवली आहे, कणसं बाहेर आली. सीडी फिरतायत. चिमण्या थोड्या लांब बसतात आणि बघतात.

संध्याकाळी लाइट आली. मशीन उठलं नाही.

काळा स्क्रीन, रेघ. बटण दाबलं. परत दाबलं. वायर काढून फुंकर मारली. बाजूनं एक चापट दिली. रेघ मिचमिचत राहिली. मग सीडी घातली, पहिल्यापासून चढवलं. उठलं. छान उठलं.

आता निकाल. साइटवर एक तक्ता आहे. एकेका टेस्टची एकेक ओळ. आपली ओळ: अपग्रेड करताना वीज गेल्यास. पुढच्या रकान्यात क्षितिजा. त्याच्या पुढे, टेस्टेड बाय: साहिल. एका ओळीत दोन नावं, लग्नपत्रिकेत छापतात तशी. शेवटचा रकाना रिकामा. फेल लिहिलं की तो लाल होतो आणि त्यावर फुली येते. पास लिहिलं की हिरवा.

विचार केला. मुद्दा एक: शेवटी उठलंच ना? थोडा आधार लागला, तो कुणाला लागत नाही. मुद्दा दोन: घरातलं वायरिंग आबांच्या लग्नातलं आहे. त्याचं खापर लँटर्नवर का? मुद्दा तीन: ती आज साहेबासमोर बसली असेल. साहेबानं तिथंच तक्ता उघडला आणि तिच्या नावापुढे फुली दिसली तर? मुद्दा चार: पहिल्यांदा तिनं माझ्याकडे काही मागितलं, आणि मी तिला फेल देऊ?

पास.

ओळ हिरवी झाली. चुड्याचा रंग.

१९ डिसेंबर, शुक्रवार
ती मुंबईहून आली. बॅग खांद्यावर तशीच, आधी मशीनपाशी. तक्ता बघितला. म्हणाली, खरंच उठलं? पहिल्याच वेळी?

मी म्हणालो, हो.

म्हणाली, आपोआप? काही न करता?

मी म्हणालो, हो म्हटलं ना.

ती हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा. म्हणाली, मला वाटलं होतं इथंच अडकेल सगळं, झोप नव्हती बघ. साहेब म्हणाले, एवढी एक ओळ रिकामी आहे, ती भरू द्या. मग तिनं आईकडे बसून दोन भाकरी खाल्ल्या, ठेच्याबरोबर. आईनं मला खुणावलं, बघ कशी जेवती.

हे मी केलं. ही डायरी कुणी वाचणार नाही, पण नोंद राहू दे.

२६ डिसेंबर, शुक्रवार
लँटर्न चार बाहेर पडलं. जगभर. आभारांच्या पानावर भारत, त्याखाली क्षितिजा, त्याखाली साहिल. तिथंही लागूनच.

ती पेढे आणि नव्या लँटर्नची सीडी घेऊन आली. मला दोन दिले. म्हणाली, तू नसतास तर. पुढचं बोलली नाही, फोन आला. पण वाक्याची सुरुवात माझ्याकडे आहे.

आबांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, मंग आता पगार चालू का?

१ जानेवारी २००९, गुरुवार
नवीन वर्ष. संकल्प नंतर लिहीन. लाइट नाही.

२ जानेवारी, शुक्रवार
साइट उघडली. बगची रांग लागली आहे. नेपाळ. बिहार. नायजेरिया. अमरावतीचा एक दुकानदार. सगळ्यांचं एकच: नवं चढवताना लाइट गेली, मशीन उठत नाही, काळा स्क्रीन, कोपऱ्यात रेघ. नेपाळातल्या एका शाळेनं सगळी मशीनं एका दिवशी चढवायला घेतली होती. सगळी काळी. मास्तरांनी फोटो टाकलाय. बाकांवर मुलं बसली आहेत, समोर बंद स्क्रीन.

जगात एवढ्या ठिकाणी लाइट जाते हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं ही आपली घरातली गोष्ट आहे.

ती दुपारी खाली आली नाही.

३ जानेवारी, शनिवार
ओलाफनं सगळ्यांसमोर विचारलं: ही टेस्ट झाली होती ना? पास आहे. कुणी केली? खाली आपल्या ओळीची लिंक.

मी उत्तर लिहायला घेतलं. पहिलं वाक्य: तुझं कोडच भिकार आहे. खोडलं. दुसरं: वायरिंग जुनं. खोडलं. तिसरं सुचलं नाही. कर्सर मिचमिचत राहिला.

तेवढ्यात तिचं आलं. जुईलीच्या मोबाइलवरून टाकलं असेल, वरच्याच खोलीतली तिची पार्टनर. तीन वाक्यं. टेस्ट माझ्या नावावर होती. निकाल मी स्वतः पडताळून घ्यायला हवा होता. जबाबदारी माझी.

माझं नाव नाही. कुठंच नाही.

मला वाचवलं. प्रेम म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

हे वाक्य लिहिलं आणि परत वाचलं. काही वाटलं नाही.

७ जानेवारी, बुधवार
आई म्हणाली, मुंबईचा साहेब म्हनला, पुढं बगू. म्हनून ती चालली परभनीला. आईत्वारी. गादी आन शेगडी मला देऊन चालली, न्हाई म्हनलं तरी ऐकंना.

मग आईनं विचारलं, तुमच्या कंदिलाचं काय बिनसलं रं? ती काय सांगंना.

मी म्हणालो, तांत्रिक आहे.

आईनं तवा उतरवला.

११ जानेवारी, रविवार
आबा म्हणाले, तिची ट्रॅव्हल्स वाकडच्या फाट्यावरनं हाय, सुमोनं सोड. पयलं भाडं समज, पर घिऊ नगंस.

म्हणून मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. ती मागे बसली, बॅग शेजारी. पुढे बस म्हणायचं राहून गेलं.

हिंजवडीच्या कंपन्या लागल्या. तिच्या कंपनीवरून गेलो. गेटवर भैरू होता, त्यानं हात केला. तिनं काच खाली करून त्यालाही हात केला. मला वाटायचं तिला फक्त मीच ओळखतो.

फ्लायओव्हरच्या अलीकडे ती म्हणाली, साहिल, एक विचारू? राग नको धरू. त्या दिवशी मशीन उठलं होतं का रे?

मी हॉर्न दिला. पुढे कुणी नव्हतं.

तिनं परत विचारलं नाही. फाट्यावर उतरताना म्हणाली, कॉलेज पूर्ण कर. आणि काकूंना सांग, पोचले की फोन करते. मी म्हणालो, हो. जूनमध्येही मी एवढंच म्हणालो होतो.

बस आली, गेली. मी गाडी वळवली. रडू येईल म्हणून रुमाल घेतला होता. त्यानं काच पुसली.

१५ जानेवारी, गुरुवार
सुमोवर लागलो. सकाळची पाळी, दुपारची पाळी. मागे सहा जण बसतात, कानात वायरी घालून. कुणी बोलत नाही. बरं आहे.

पिंकीनं भावकीतल्या एका पोराकडून विंडोज टाकून घेतलं. लँटर्न गेलं. विचारायला हवं होतं म्हणालो. ती म्हणाली, तू विचारलं होतंस?

२२ जानेवारी, गुरुवार
सकाळी लाइट जायच्या आधी मशीनला बसलो. साइटवर गेलो. नवीन बग दिला. झालं ते लिहिलं: अठरा डिसेंबर, गाव जांबे. अपग्रेड करताना लाइट गेली. आल्यावर मशीन उठलं नाही. मी पास लिहिलं. टेस्टेड बाय साहिल. कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा, तिला नाही.

पाठवलं. चपला घातल्या. गाडी काढणार, तेवढ्यात उत्तर आलं.

थँक यू फॉर टेकिंग द टाइम टु रिपोर्ट धिस बग अँड हेल्पिंग टु मेक लँटर्न बेटर. वुई रिअली अप्रिशिएट युअर एफर्ट.

खाली नाव: ओलाफ.

परत वाचलं. तेच शब्द. रिअलीसुद्धा तिथंच. तिची जागा रिकामी झाल्यापासून भारताचे बग तोच लावतो. उत्तर कुठून उचलायचं ते पान तिथं तयार ठेवलेलं असतं, त्याची लिंक ओलाफच्या उत्तराखाली चुकून राहून गेली होती. उघडली. पहिलंच वाक्य होतं. त्याखाली लिहिलं होतं: सर्वांना हेच पाठवावे.

ओलाफनं बग बंद केला. कारण: आधीच कळवला गेला आहे. दुरुस्त झाला आहे.

लाइट गेली.

आबा दारात आले. म्हणाले, खालच्या तुकड्यात पाखरं लई उतरल्यात, आन तुझ्या जुन्या शीड्या उन्हानं पांढऱ्या पडल्या. ती नवी हाय का, कंदिलाची, लई चमकनारी?

ती होती. चौथी आवृत्ती. तिनं पेढ्यांबरोबर दिलेली, कव्हरसकट.

दिली.